पाल्याची हजेरी कमी का होते?
विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक, त्यांचे वर्गमित्र आणि शाळा यांच्यासाठी

सहामाही परीक्षा जवळ आली की प्रत्येक वर्गशिक्षकाला हजेरीपत्रकाची बेरीज करावी लागते. बेरीज झाली की पन्नास-साठ टक्क्यांच्या घरातली दोन-चार नावे हमखास निघतात. त्यांत बरीच नावे अशा मुलांची असतात, ज्यांना वाचताना, चालताना, ऐकताना, किंवा नुसते चाळीस जणांच्या वर्गात शांत बसतानासुद्धा इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. मग पालकांना चिठ्ठी जाते. पालक डॉक्टरांचा दाखला घेऊन येतात, सही करतात, "आता नियमित पाठवू" म्हणतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन्ही बाजूंना वाईट वाटते, पण मूल मात्र घरीच राहते. असे एक-दोन वर्षे चालले की एक दिवस शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. आपल्या शहरात मराठी शाळा आहेत किती, आणि ह्या शाळेतून गेलेले मूल पुन्हा मराठीत शिकायला कुठे जाणार, हे पालकांना आणि विश्वस्तांना वेगळे सांगायला नको.

म्हणून ह्या वेळी थोडे सविस्तर लिहीत आहे. आधी हिशेब करू या, कारण हजेरीबद्दल बोलताना तोच कोणी करत नाही.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे (२००९) पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. २२० दिवसांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे १६५. म्हणजे ५५ दिवस गैरहजर राहिले तरी मूल काठावर टिकते. आता समजा, सहावीतल्या एका मुलाला दर गुरुवारी सकाळी वाचा-उपचारासाठी न्यावे लागते. सुट्ट्या वगळून वर्षात साधारण चाळीस गुरुवार शाळेचे असतात. ते चाळीस गेले. राहिले पंधरा. त्यात पावसाळ्यातला ताप, नांदेडला मावशीचे लग्न, बस चुकल्याचे दोन दिवस. झाले पंचावन्न! कोणी आळस केला नाही, कोणी खोटे बोलले नाही, तरी मूल काठावर आले. हाच उपचार दुपारी साडेचारनंतर मिळाला तर चाळीसचे शून्य होतात. ते जमत नसेल आणि उपचारानंतर मुलाला दुपारच्या सत्राला आणून सोडले, तर चाळीसचे वीस होतात, कारण हजेरी दोन सत्रांची लागते आणि अर्धा दिवस हा अर्धा दिवस म्हणूनच मोजायचा असतो. "अर्धा दिवस गेलाच आहे, आता कशाला पाठवायचे" हे वाक्य घराघरांत बोलले जाते. त्याची किंमत वर्षाला वीस दिवस आहे.

थॅलेसेमियाच्या मुलांचे असेच. त्यांना सर्वसाधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. तीन आठवडे धरले तर शालेय वर्षात तेरा-चौदा वेळा. प्रत्येक वेळी तपासणीचा एक आणि रक्त देण्याचा एक असे दोन दिवस गेले, तर सव्वीस-अठ्ठावीस दिवस झाले. हैदराबादेत थॅलेसेमिया व सिकल सेल सोसायटीसारखी संस्था आहे, तिथे आणि इतर रुग्णालयांतही तारखा आधी ठरतात. म्हणून पालकांनी जूनमध्येच वर्षाच्या अंदाजे तारखा वर्गशिक्षकांना लिहून द्याव्यात, आणि तारीख रविवारला किंवा सुट्टीला जोडून मिळेल का, हे विचारून पाहावे. तारखा आधी माहीत असल्या की शिक्षकांना चाचणी त्या दिवशी न ठेवणे सहज जमते. रक्त देण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत हे मूल थकलेले, चिडचिडे असते. वर्गात ते डोके टेकून बसले तर "झोपतोस काय" म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी तारीख पाहावी.

बेरजेपेक्षा वार पाहा

हजेरीपत्रकात टक्केवारीपेक्षा महत्त्वाची माहिती असते, ती म्हणजे मूल कोणत्या दिवशी आले नाही. एक कागद घेऊन मागच्या तीन महिन्यांतल्या गैरहजेरीच्या तारखा, त्यांपुढे वार आणि त्या दिवशीचे वेळापत्रक लिहावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. वर्गशिक्षकांनी आणि आईवडिलांनी ते शेजारी बसून केले तर फार उत्तम.

सगळ्या गैरहजेऱ्या सोमवारच्या असतील तर प्रश्न बहुधा सुट्टीनंतर परत येण्याचा आहे. मंगळवार-शुक्रवारच्या असतील तर त्या दिवशी काय असते ते पाहावे. कवायत असते का? प्रकट वाचन? श्रुतलेखन? आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत तेलुगूचा तास जरूर तपासावा. २०१८च्या राज्य कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू शिकणे आवश्यक झाले आहे, आणि ते योग्यही आहे. ज्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याची भाषा यायलाच हवी. पण आपले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत दक्खनी हिंदी, शाळेत इंग्रजी आणि तेलुगू. म्हणजे देवनागरी, रोमन आणि तेलुगू अशा तीन लिप्या ते एकाच वेळी हाताळते. ज्या मुलाला अक्षरे ओळखण्याचीच अडचण आहे, म्हणजे ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो, त्याच्या दृष्टीने ही तिप्पट चढण आहे. त्याचे पोट तेलुगूच्या श्रुतलेखनाच्या दिवशी दुखते, आणि ते खरोखरच दुखते. अशा वेळी उपाय पोटावर करून भागत नाही. श्रुतलेखनाऐवजी तोंडी परीक्षा, दहा शब्दांऐवजी चार शब्द, वही सगळ्या वर्गासमोर न तपासणे, ह्या साध्या गोष्टींनी मंगळवार परत मिळतो. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत विशेष गरजा असलेल्या मुलांना तिसऱ्या भाषेतून सूट मिळते. राज्य मंडळाच्या शाळांनी नववीच्या आरंभीच मंडळाला लेखी विचारून घ्यावे, दहावीचे अर्ज भरताना नव्हे.

गैरहजेरी विखुरलेली असेल आणि तिच्यात वाराचा काही मेळ लागत नसेल, तर येण्याजाण्याकडे पाहावे. ऑटोवाला बदलला का? बसमध्ये त्याच्या शेजारी आता कोण बसते? स्वमग्न मुलाला नेहमीचा ऑटो, नेहमीची जागा, नेहमीचा रस्ता ह्यांत बदल झाला तर सबंध सकाळ कोसळते. आईवडिलांना ते हट्ट वाटतो.

आणि एक कारण असे आहे, जे मूल कधीच सांगत नाही: स्वच्छतागृह. उकिडवे बसता न येणाऱ्या मुलासाठी जर शाळेत एकही कमोड नसेल, तर ते मूल सकाळपासून पाणी पीत नाही, दिवसभर आवरून धरते आणि काही दिवसांनी शाळाच नको म्हणते. मुलींच्या बाबतीत सहावी-सातवीनंतर हे आणखी वाढते. हे विचारायचे ते आईने किंवा बाईंनी, एकट्यात.

शाळेने केलेली गैरहजेरी

आता थोडे शाळेबद्दल. काही गैरहजेऱ्या शाळा स्वतः घडवते, आणि त्या हजेरीपत्रकात दिसतही नाहीत. सकाळी हजेरी लागते, अकरा वाजता आईला फोन जातो: "आज तो ऐकतच नाही, घेऊन जाता का?" पत्रकात 'हजर', प्रत्यक्षात दोन तासांची शाळा. माझ्या ओळखीच्या एका आईने शहरातल्या एका शाळेच्या अशा फोनांपायी नोकरी सोडली. शाळेचा हेतू वाईट नव्हता. पण त्या मुलाने त्यातून काय शिकावे? जोरात ओरडले की आई येते आणि घरी जायला मिळते, हेच. दुसऱ्या महिन्यात ते दहा वाजताच ओरडू लागले.

दुसरा प्रकार म्हणजे प्रेमळ वगळणूक. सहलीला "त्याला त्रास होईल, नका पाठवू". स्नेहसंमेलनाच्या सरावाच्या आठवड्यात "नाही आला तरी चालेल". निरीक्षक येणार त्या दिवशी तर विचारूच नका. मुलाच्या मनात ह्या सगळ्याचे एकच उत्तर तयार होते, की आपण नसलो तरी शाळेचे काही अडत नाही.

फोन करून परत पाठवण्याऐवजी शाळेत बसायला एक शांत जागा हवी. वाचनालयाचा कोपरा, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचे बाक, काहीही चालेल. गोंगाट असह्य झाला की मुलाने एक ठरलेले कार्ड बाईंना दाखवायचे, तिथे जाऊन दहा मिनिटे बसायचे आणि परत यायचे. सुरुवातीला ते कार्ड दिवसातून सहा वेळा निघेल. निघू द्यावे. घरी जाण्यापेक्षा वाचनालयात जाणे केव्हाही स्वस्त! आणि तरीही एखाद्या दिवशी मुलाला लवकर पाठवावेच लागले, तर पत्रकात तशी वेळेसह नोंद करावी. नोंद नसली की प्रश्नही नाही असे सगळ्यांना वाटत राहते.

अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत शाळा घाबरून जाते आणि "पूर्ण बरा झाल्यावर पाठवा" म्हणते. त्यात महिने जातात. फिट आली तर करायचे काय हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत असले की ही भीती पुष्कळ कमी होते. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूची बाके सरकवावीत, गळ्याशी टाय किंवा गुंडी असेल तर सैल करावी, घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, थांबून लगेच दुसरी आली, मुलाला मार लागला किंवा श्वासाला त्रास दिसला, तर १०८ला फोन. (ही सेवा २००५ साली आपल्या हैदराबादेतच सुरू झाली, मग इतर राज्यांत गेली.) मुलाला पहिल्यांदाच फिट आली असेल तरी दवाखान्यात न्यावे. पण ज्याचा आजार माहीत आहे, औषध चालू आहे आणि ज्याची फिट मिनिटभरात थांबून अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर तो पूर्ववत होतो, त्याला प्रत्येक वेळी घरी पाठवण्याची गरज आहे का, हे त्याच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे. तो कागद वर्गाच्या कपाटात राहू द्यावा.

मूल शाळेला घाबरते तेव्हा

सगळ्यांत अवघड प्रकार हा. सकाळी सातला पोटदुखी, उलटीची भावना, रडणे, अंथरुणाला चिकटून राहणे. दहा वाजले, बस गेली, की सगळे ठीक. रविवारी काहीच नाही. पालकांना वाटते नाटक आहे. आजी म्हणते, "राहू दे गं आज, बघ कसं तोंड झालंय." वडील म्हणतात, "दोन दिल्या की जाईल." दोन्ही उपाय त्या दिवसापुरते लागू पडतात आणि पुढच्या दिवसाला जड जातात.

दांडी मारणारे मूल आणि घाबरणारे मूल यांत फरक आहे. दांडी मारणारा घरी सांगत नाही, बाहेर भटकतो. घाबरणारे मूल आईवडिलांच्या डोळ्यांसमोर घरी बसते आणि बहुतेकदा त्याला अभ्यासाची काळजीही असते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी ह्या विषयावर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांची एक मांडणी आपल्याला उपयोगी आहे. मूल शाळा का टाळते? एक, शाळेतली एखादी गोष्ट त्याला सहन होत नाही, जसे घंटा, गर्दी, एखादी खोली. दोन, लोकांसमोर उभे राहणे, चुकणे, परीक्षा यांची धास्ती असते. तीन, त्याला आईजवळ राहायचे असते. चार, घरी काहीतरी जास्त गोड मिळते, म्हणजे टीव्ही, मोबाइल, दुपारची झोप. पहिल्या दोन कारणांत मूल शाळेपासून पळते, नंतरच्या दोनांत घराकडे ओढले जाते. उपायाची दिशाच त्यामुळे बदलते. पळणाऱ्या मुलाचा मोबाइल काढून घेतला तर काहीच होत नाही. ओढल्या जाणाऱ्या मुलासाठी शाळेने वेळापत्रक बदलले तरी ते येत नाही. बऱ्याच मुलांत दोन-तीन कारणे मिसळलेली असतात, आणि महिनाभर घरी राहिले की चौथे कारण आपोआप जोडले जाते. म्हणून वेळ घालवू नये. सलग दहा दिवस झाले की बैठक व्हायलाच हवी.

एक गोष्ट मात्र आधी पक्की करावी. कोणी मारते का, चिडवते का, कोणी नको तिथे हात लावते का? हे आधी शोधावे. असे काही असेल तर मुलाची भीती योग्य आहे आणि आधी तो त्रास थांबला पाहिजे. त्याच जागी त्याला हळूहळू सवय लावणे हा क्रूरपणा होईल.

असे काही नाही हे कळल्यावर परत आणण्याचे काम पायरीपायरीने करायचे. समजा, मूल सहा आठवडे घरी आहे. पहिल्या दोन-तीन दिवशी शाळा सुटल्यावर त्याला आईबरोबर रिकाम्या शाळेत आणावे, वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसून यावे. नंतर शाळा चालू असताना फक्त वाचनालयात अर्धा तास. मग त्याला आवडणारा एक तास, चित्रकला असेल, गणितही असेल. पुढे मधल्या सुट्टीपर्यंत. शेवटी पूर्ण दिवस. एका पायरीवर तीन-चार दिवस मूल बऱ्यापैकी शांत राहिले की पुढची. एखाद्या दिवशी रडले तर पायरी सोडू नये, वाढवूही नये, तीच उद्या पुन्हा. ह्याला कधी तीन आठवडे लागतात, कधी तीन महिने. पालकांना हे फार संथ वाटते, शिक्षकांना "विशेष लाड" वाटतात. दोघांनाही सांगायचे ते इतकेच, की सोमवारपासून एकदम पूर्ण दिवस हा प्रयोग बहुतेक घरांत आधीच करून झालेला असतो.

सकाळी प्रार्थनेची रांग, ध्वनिक्षेपक आणि चारशे मुलांचा आवाज यांतून जाण्याऐवजी अशा मुलाने दहा मिनिटे आधी यावे, आणि दारात रोज एकच ठरावीक माणूस असावा. ते काम वर्गशिक्षकांनीच करायला हवे असे नाही. एका शाळेत हे काम शिपाई मामा करत आणि ते दुसऱ्या कोणाला जमले नसते. मामांनी "आलास? चल, घंटा तू वाजव" एवढेच म्हणायचे. "इतके दिवस कुठे होतास" हा प्रश्न वर्गातही कोणी विचारू नये.

घरी पालकांनी करायचे तेही थोडेच आहे, पण रोज करायचे आहे. रात्री दप्तर, गणवेश, डबा ठरलेल्या जागी. स्वमग्न किंवा बोलायला अडचण असलेल्या मुलासाठी सकाळच्या कामांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत: दात, आंघोळ, पोहे, बूट, ऑटो. "जाणार ना रे आज?" असे विचारूच नये, कारण प्रश्न विचारला की नाही म्हणायची सोय होते. घरी कोणत्या आजारात ठेवायचे हेही आधी ठरवावे: ताप, उलटी, जुलाब, अंगावर पुरळ किंवा डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणे. बाकी दिवशी शाळा. आणि मूल घरी राहिलेच, तर शाळेच्या वेळेत टीव्ही, मोबाइल बंद. रागावायचे नाही, खास पदार्थ करायचे नाहीत, वही-पुस्तक समोर. आजी-आजोबांना हे समजावून सांगावे लागते. ते फोनवरून न सांगता शेजारी बसून सांगावे.

राहिलेला अभ्यास हा मोठा अडसर असतो. सहा आठवड्यांच्या पाच विषयांच्या वह्या पूर्ण करून आण म्हटले, तर मूल सातव्या आठवड्यातही येणार नाही. शिक्षकांनी प्रत्येक विषयातले पुढे ज्याच्यावाचून अडेल तेवढेच निवडून द्यावे. बाकीच्या पानांवर तारीख घालून ती कोरी सोडली तरी चालते.

इतके करूनही मूल खचलेलेच दिसले, झोप-जेवण सुटले किंवा जगण्यात अर्थ नाही अशा तऱ्हेचे काही बोलले, तर त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. तिथे जायला लाज वाटण्याचे कारण नाही.

कायदा आणि कागद

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, ह्यात एकवीस आहेत. स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया हे आता त्यात आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्यामुळे हजेरी कमी म्हणून नाव कमी करण्याची भाषा कोणीही करू नये. ज्याचे दिव्यांगत्व तीव्र किंवा बहुविध आहे, त्याला २०१२च्या दुरुस्तीने घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्यायही आहे. पण तो पालकांनी निवडायचा आहे. शाळेने सुचवून गळ्यात मारायचा नाही.

दहावी-बारावीचे वेगळे. तिथे मंडळाचा हजेरीचा नियम असतो, सीबीएसईचा पंचाहत्तर टक्क्यांचा. वैद्यकीय कारणाने सवलत मागता येते, पण कागद त्या त्या वेळचे लागतात. फेब्रुवारीत एकदम वर्षभराचा दाखला आणला तर अडचण होते. लिहिण्याचा वेग कमी असलेल्या मुलांना परीक्षेत दर तासाला वीस मिनिटे जादा आणि लेखनिक मिळू शकतो. आणि नियमित शाळा कोणत्याच प्रकारे झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस) आहे. दहावीसाठी किमान वय चौदा, विषय निवडण्याची मोकळीक, आणि मराठी माध्यमही आहे. हा कमीपणाचा मार्ग नव्हे, पण चौथी-पाचवीतच त्याकडे बोट दाखवू नये.

दाखल्यासाठी आपल्याकडे लोक अजून 'सदरम'चे नाव घेतात; आता देशभर चालते ते यूडीआयडी कार्ड. तपासणीसाठी हैदराबादकरांना लांब जावे लागत नाही. बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४पासून सिकंदराबादेत मनोविकास नगरला आहे. त्याच परिसरात मुंबईच्या अली यावर जंग संस्थेचे वाक्-श्रवणाचे प्रादेशिक केंद्र आहे. (अली यावर जंग हे मूळचे हैदराबादचे आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आपल्या दोन्ही घरांना जोडणारे नाव.) मंडल पातळीवर समग्र शिक्षेची 'भविता' केंद्रे आहेत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि तीत नियमित उपचारांचा खर्चही धरलेला आहे. उपचाराचे पैसे मिळाले की उपचाराची वेळ निवडण्याची थोडी मोकळीक येते, आणि गुरुवारचा प्रश्न इथे परत भेटतो.

विश्वस्त मंडळासाठी

पहिली गोष्ट फुकट आहे. ज्या वर्गात चालायला अडचण असलेले मूल आहे, तो वर्ग तळमजल्यावर आणावा. दरवर्षी मूल वरच्या इयत्तेत जाते म्हणून ते वरच्या मजल्यावरही गेले पाहिजे असे नाही.

दुसरी, उतार. दारापाशी लाकडी फळी टाकून उतार होत नाही. मान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे जोते दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब लागतो, बाजूला कठडा आणि वर-खाली वळायला सपाट जागा. जागा कमी असेल तर तो वळवून घ्यावा. बांधण्यापूर्वी चाकाच्या खुर्चीवर एका विश्वस्तांनीच बसून पाहिले तर नकाशा आपोआप सुधारेल. एक कमोड, त्याला भिंतीवर धरायला दांडा आणि खुर्ची आत जाईल एवढे दार, हा खर्च उताराच्याही आधी करावा असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट माणसाची. विशेष शिक्षक पूर्णवेळ परवडत नसेल तर दोन-तीन शाळांनी मिळून एक ठेवता येईल, आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या संगणकासाठी जशा येतात तशा ह्यासाठीही मागता येतील. फलकावर नाव लावायला जागा आहेच.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्या बाकावरचा मित्र पुष्कळ दिवस आला नाही, तर बाईंना विचारून त्याच्या घरी जा. जाताना सगळा वर्ग नको, दोघेच जा. त्याला का येत नाहीस असे विचारू नका. वर्गात काय गंमत झाली ते सांगा, त्याच्याशी कॅरम खेळा, आणि निघताना "तुझी जागा तशीच ठेवली आहे" असे सांगा. मात्र ती खरोखर ठेवा. तो आला की त्याची वही भरून देऊ नका, आपली वही त्याला दाखवा. त्याची बोलण्याची नक्कल वर्गात कोणी केली तर हसू नका; कोणीच हसले नाही की नक्कल करणारा दोन दिवसांत कंटाळतो.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस ह्या मुलांना सर्वांत जड जातो. सुट्टीत उठण्याच्या वेळा बदललेल्या असतात, बतुकम्मा आणि पाहुण्यांची धावपळ झालेली असते, आणि गावाहून परत येणे आदल्या रात्री अकरा वाजता होते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधीच परत यावे. शेवटच्या दोन सकाळी शाळेच्या वेळेला उठवून, गणवेश घालून, शाळेच्या फाटकापर्यंत एक चक्कर मारून आणावी. फाटक त्या दिवसांतही उघडे असते. पहारेकऱ्याला आपले नाव सांगितले की तो आत सोडतो. ज्या पालकांना वर सांगितलेला तारीख-वाराचा कागद करायचा आहे, त्यांनी सुट्टी लागण्यापूर्वी वर्गशिक्षकांना दैनंदिनीत चिठ्ठी लिहून वेळ मागून घ्यावी.